डिस्कचा कन्सोल की डिस्कशिवायचा?

आमच्या घरी प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा सोनीचा कन्सोल, घ्यायचे ठरले तेव्हा चर्चा यंत्राच्या ताकदीवर कधीच अडली नाही. ती अडली डिस्क ड्राइव्हवर. या कन्सोलची दोन रूपे बाजारात मिळतात. एकात डिस्क घालता येते, दुसऱ्यात येत नाही. प्रोसेसर, मेमरी, चित्राची प्रत आणि कंट्रोलर हे मात्र दोन्हींत अगदी सारखे असते. एप्रिल २०२४ मध्ये याची सडपातळ आवृत्ती भारतात आली तेव्हा डिस्कच्या मॉडेलची किंमत ५४,९९० रुपये आणि डिस्कशिवायच्या, म्हणजे डिजिटल मॉडेलची ४४,९९० रुपये होती. त्यानंतर सणासुदीच्या सवलती येत-जात राहिल्या, परंतु निवड करणाऱ्यासमोरचा प्रश्न तोच राहिला: एका खाचेसाठी दहा हजार रुपये जास्त मोजावेत का? माझ्या मुलाचे आणि त्याच्या बाबांचे मत डिजिटलकडे झुकलेले होते, माझे डिस्ककडे. आम्ही शेवटी डिस्कचे मॉडेल घेतले, आणि त्यामागची कारणे मला इथे सविस्तर लिहून ठेवायची आहेत, कारण मध्यमवर्गीय घरासाठी हीच निवड सर्वांत महत्त्वाची आहे असे माझे ठाम मत आहे.

प्रथम पैशांचा हिशेब पाहू. प्लेस्टेशन ५ साठी सोनीने स्वतः काढलेला मोठा गेम भारतात नवा असताना साधारण ४,९९९ रुपयांना मिळतो. डिजिटल मॉडेलवर तो कंपनीच्या ऑनलाइन स्टोअरमधूनच घ्यावा लागतो, आणि एकदा घेतला की तो त्या खात्याला कायमचा चिकटतो. खेळून संपला तरी तो विकता येत नाही, मावसभावाला देता येत नाही, दुकानात बदलून घेता येत नाही. डिस्क मात्र वस्तू आहे. समजा, एखादा गेम नवा घेतला, दोन महिने खेळला आणि पुढे अडीच हजारांना विकला, तर त्या गेमचा खरा खर्च अडीच हजारच पडतो. असे चार गेम झाले की खाचेसाठी मोजलेले दहा हजार वसूल होतात, आणि त्यापुढचा प्रत्येक व्यवहार फायद्यात जातो. ज्यांना एखादा गेम बाहेर आल्याच्या दिवशीच खेळायची घाई नसते, त्यांना तर सुरुवातच वापरलेल्या डिस्कपासून करता येते. शिवाय या कन्सोलवर प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सर्व गेम चालतात, त्यामुळे गेल्या दशकातील उत्तमोत्तम गेमच्या जुन्या डिस्क स्वस्तात मिळवून वर्षभर खेळता येईल इतका साठा सहज जमतो. डिजिटल मॉडेल घेणाऱ्याला हा सगळा बाजार पहिल्या दिवसापासून बंद होतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही मी मांडले पाहिजे. ऑनलाइन स्टोअरमध्ये वर्षातून अनेकदा मोठ्या सवलती लागतात आणि जुने गेम तिथे कधी कधी वापरलेल्या डिस्कहूनही स्वस्त मिळतात. डिस्क विकत घेतली तरी खेळताना ती यंत्रात असावीच लागते, म्हणजे गेम बदलताना दरवेळी उठावे लागते, आणि डिस्क शेजारी दिली की तो गेम आपल्या घरी तेवढे दिवस बंद. जे वर्षभर एकच फुटबॉलचा किंवा नेमबाजीचा गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळतात त्यांना डिस्कचा उपयोग फारसा नाही. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. डिस्कच्या मॉडेलवर ऑनलाइन स्टोअर तितकेच उघडे असते, सवलती तितक्याच मिळतात. म्हणजे ते घेतल्याने काही गमावत नाही, आणि डिजिटल मॉडेल घेतल्यावर मात्र खरेदीसाठी एकच दुकान उरते व त्या दुकानाचा भाव हाच आपला भाव होतो. सडपातळ आवृत्तीच्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह नंतर विकत घेऊन जोडता येतो ही सोय चांगली आहे, फक्त तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते आणि सुट्या ड्राइव्हची उपलब्धता दुकानदाराला आधी विचारलेली बरी.

मी नव्वदीच्या दशकात वाढले. त्या काळी घराघरांत असलेली समुराई आणि लिटल मास्टर ही नावे माझ्या वयाच्या वाचकांना नक्की आठवतील. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राची ती भारतातील रूपे, काही परवान्याने आलेली, बहुतेक नकला. त्यांच्या कार्ट्रिजला आपण सगळेच 'कॅसेट' म्हणत होतो. माझ्या दादाकडे मोजक्याच कॅसेट होत्या, पण आमच्या चाळीतील मुलांनी खेळलेल्या खेळांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती, कारण कॅसेट एका घरी राहतच नसे. मारिओ एका घरी, कॉन्ट्रा दुसऱ्या घरी, आणि शनिवारी अदलाबदल. शिवाय दिवसाच्या भाड्याने कॅसेट देणारी दुकाने होती. ज्या घरांना महिन्याला एक नवी कॅसेट घेणे परवडले नसते, त्या घरांतील मुलांनी हा छंद अशा वाटपावरच जोपासला. आज एका गेमची किंमत पाच हजारांच्या घरात गेलेली असताना ही पद्धत मोडण्याचे मला काहीच कारण दिसत नाही, उलट तिची गरज अधिक वाढली आहे.

पैशांखेरीज मालकीचाही प्रश्न आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. २०१३ च्या मे महिन्यात एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर केल्यावर मायक्रोसॉफ्टने अशी योजना मांडली होती की यंत्राने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडून तपासणी करावी आणि डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने असावीत. त्यावर जगभरातील खेळाडू इतके संतापले की कंपनीने काही आठवड्यांत ती योजना मागे घेतली. त्याच सुमारास सोनीने एक अगदी छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली, जिच्यात प्लेस्टेशन ४ चा गेम मित्राला कसा द्यायचा हे दाखवले होते: एक माणूस डिस्क पुढे करतो, दुसरा ती घेतो, संपले. त्या वेळी खेळाडूंनी जो हक्क भांडून राखला, तो डिजिटल मॉडेल निवडताना आपण दहा हजारांच्या बदल्यात स्वतःहून सोडून देतो.

ऑनलाइन दुकाने कायमची नसतात हेही आता अनुभवाला आले आहे. निन्टेन्डोने थ्री-डीएस आणि वी यू या यंत्रांवरील खरेदी २७ मार्च २०२३ रोजी बंद केली, तर एक्सबॉक्स ३६० चे स्टोअर २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. सोनीनेही २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे स्टोअर बंद करण्याचे जाहीर केले होते आणि विरोधानंतरच तो निर्णय फिरवला. आधी घेतलेले गेम अशा वेळी बहुधा पुन्हा उतरवून घेता येतात, पण ती सोय कंपनीच्या इच्छेवर चालते. कॅलिफोर्नियात तर यासाठी कायदाच झाला असून, १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू 'विकणाऱ्या' दुकानांना ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते की त्याला मिळतो तो केवळ वापराचा परवाना आहे. आपल्याकडे असे काही कुणी सांगत नाही, म्हणून ते स्वतःच समजून घेतलेले बरे.

डिस्क म्हणजे संपूर्ण संरक्षण, असे मात्र मी म्हणणार नाही. युबिसॉफ्टच्या 'द क्रू' या मोटार शर्यतीच्या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ च्या अखेरीस बंद झाले आणि तो गेम सर्व्हरशिवाय चालतच नसल्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याही हाती काही उरले नाही. निन्टेन्डोच्या स्विच २ साठी अशी काही कार्डे निघतात की ज्यांत गेम नसतोच, फक्त तो उतरवून घेण्याची किल्ली असते. प्लेस्टेशनच्या काही डिस्कवरही अपूर्ण गेम असतो आणि उरलेला भाग इंटरनेटवरून घ्यावा लागतो. म्हणून डिस्क घेण्यापूर्वी तो गेम एकट्याने, इंटरनेटशिवाय खेळता येतो का, हे वेष्टनावर आणि परीक्षणांत पाहून घ्यावे. एकट्याने खेळायच्या कथाप्रधान गेममध्ये डिस्कचा खरा लाभ मिळतो. सदैव ऑनलाइन चालणाऱ्या गेममध्ये तो नाममात्र असतो.

आता इतर कन्सोलविषयी थोडक्यात. एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात ३४,९९० रुपयांना आला. तो लहान आणि शांत आहे, पण त्याला डिस्कची खाच नाही आणि त्याची मेमरी १० जीबी, म्हणजे मोठा भाऊ सिरीज एक्सच्या १६ जीबीपेक्षा बरीच कमी आहे. ज्या घरात वर्गणी भरून गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या सेवेतील पुष्कळ वेगवेगळे गेम थोडे थोडे खेळायचे आहेत त्यांना तो योग्य ठरू शकतो, परंतु वर्गणीचे दर आणि प्रकार आतापर्यंत अनेकदा बदललेले असल्यामुळे निर्णयाच्या दिवशीचा दर पाहूनच हिशेब करावा, आणि वर्गणी थांबली की ते गेमही थांबतात हे लक्षात ठेवावे. सिरीज एक्सच्या डिस्क मॉडेलवर एक्सबॉक्स वनच्या आणि त्याआधीच्या पिढ्यांच्याही अनेक डिस्क चालतात, ही त्याची मोठी जमेची बाजू. निन्टेन्डो स्विच २०१७ मध्ये जगभर आला, तरी कंपनीने तो भारतात अधिकृतपणे आणला नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तो मिळतो खरा, पण तो आयात केलेला असतो आणि दुरुस्तीची वेळ आली तर आपली सारी भिस्त त्या दुकानदारावर राहते. लहान मुले असलेल्या घरासाठी त्याचे गेम फारच सुंदर आहेत, म्हणून ज्यांना परदेशातून कुणी आणून देणार आहे त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. प्लेस्टेशन ५ प्रो हे अधिक ताकदीचे मॉडेल नोव्हेंबर २०२४ मध्ये इतर देशांत आले तेव्हा भारतात आले नाही, कारण त्यातील वायफाय ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालते तो पट्टा इथे त्या वापरासाठी खुला झालेला नव्हता. शिवाय त्यात डिस्क ड्राइव्ह मुळातच नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, त्यामुळे आमच्या विचारात ते आलेच नसते.

कन्सोलइतकेच लक्ष टीव्हीकडे द्यावे लागते. घरात साधा फोर-के टीव्ही असेल तर नवा घेण्याची काहीही गरज नाही. सेकंदाला १२० चित्रे दाखवणारा महागडा टीव्ही बहुतेक गेमना लागतच नाही. परंतु एक बदल सर्वांनीच करावा. आजचे टीव्ही चित्र अधिक गुळगुळीत आणि रंगीत दिसावे म्हणून त्यावर बरीच प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचे अंतर त्यामुळे वाढते. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, पण क्रिकेटच्या गेममध्ये ते लगेच कळते. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजचा 'क्रिकेट २४' आम्ही पहिल्यांदा लावला तेव्हा फटका सतत उशिरा बसत होता, चेंडू बॅटच्या कडेला लागून यष्टिरक्षकाकडे जात होता आणि मुलगा स्वतःवरच चिडत होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू केल्याबरोबर कव्हर ड्राइव्ह जागेवर बसू लागला. कन्सोलबरोबर आलेली एचडीएमआय केबलच वापरावी, जुन्या सेट-टॉप बॉक्सची जोडू नये.

यंत्राच्या जागेचाही विचार आधीच करावा लागतो, कारण आपल्याकडे अशी वस्तू काचेच्या शोकेसमध्ये ठेवण्याची सवय आहे. मोठा गेम चालू असताना हा कन्सोल साधारण २०० वॅट वीज घेतो, आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन मागच्या बाजूने बाहेर पडते. बंद कपाटात ती कोंडते आणि पंख्याचा आवाज वाढतो. चारही बाजूंनी हवा खेळेल अशी मोकळी जागा आणि आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने धूळ पुसणे एवढे पुरते. विजेचा खर्च मात्र लोकांना वाटतो तितका नाही. २०० वॅटच्या हिशेबाने पाच तास खेळल्यावर एक युनिट जळते. ज्या भागात वीज वारंवार जाते तिथे लहान युपीएस लावणे शहाणपणाचे आहे, कारण गेमची स्थिती साठवली जात असताना वीज गेली तर साठवलेली माहिती बिघडण्याचा धोका असतो.

इंटरनेटचा विषय पुन्हा डिस्ककडेच नेतो. शंभर जीबीचा एक गेम १०० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला दोन तासांहून अधिक लागतात, ४० एमबीपीएसवर साडेपाच तास, आणि तेवढा वेळ घरातील इतरांची ऑनलाइन कामे मंदावतात. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या लहान गावी, जिथे मोबाइलच्या डेटावरच सगळे भागवायचे असते, तिथे डिजिटल मॉडेल जवळजवळ निरुपयोगी ठरते. डिस्कवरून गेमचा मोठा भाग थेट यंत्रात उतरतो आणि इंटरनेटवरून फक्त सुधारणा घ्याव्या लागतात. सडपातळ आवृत्तीच्या डिस्क मॉडेलमध्ये साठवणीला एक टेराबाइट जागा आहे, तिच्यातून यंत्रणेची जागा वजा जाता मोठे गेम मोजकेच मावतात, त्यामुळे एखादा काढून टाकून पुन्हा घालण्याची वेळ येतेच, आणि तेव्हाही डिस्क हाताशी असली की काम सोपे होते.

गेमखेरीज करमणुकीचाही उल्लेख करायला हवा. ओटीटीची नेहमीची ॲप या कन्सोलवर चालतातच, पण डिस्कच्या मॉडेलवर ब्लू-रे आणि डीव्हीडीही पाहता येतात. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जुन्या मराठी चित्रपटांच्या डीव्हीडी जपून ठेवल्या होत्या आणि घरातला प्लेअर बंद पडल्यापासून त्या तशाच होत्या. आता त्या पुन्हा लागतात. नाटकांच्या व्हीसीडी मात्र यावर चालत नाहीत, कारण हे यंत्र सीडी वाचतच नाही. घेण्यापूर्वी हे ठाऊक असावे म्हणून मुद्दाम लिहिले.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. खाते उघडताना देश म्हणून भारतच निवडावा, कारण तो नंतर बदलता येत नाही आणि परदेशी बाजारासाठीच्या, आयात केलेल्या डिस्कचे जोडभाग, म्हणजे गेमला नंतर जोडायचे जादा भाग, आपल्या खात्यावर बहुधा चालत नाहीत. मग पालकाच्या खात्याखाली मुलाचे खाते काढून वयाची, वेळेची आणि खर्चाची मर्यादा ठरवावी. डिस्कच्या वेष्टनावर पेगी या युरोपीय पद्धतीचे ३, ७, १२, १६ किंवा १८ असे वयाचे आकडे बहुधा असतात, आणि ते दुकानातच दिसतात हाही डिस्कचा एक फायदा आहे. मी स्वतः ते आकडे गांभीर्याने पाळते. मोटारी पळवण्याचा म्हणून मुले ज्याची मागणी करतात अशा एका अत्यंत गाजलेल्या मालिकेवर १८ चा आकडा आहे, आणि तो योग्यच आहे.

पहिला गेम कोणता घ्यावा, असे अनेकजण विचारतात. विकत काहीच घेऊ नये, असे मी सांगते, कारण 'ॲस्ट्रोज प्लेरूम' हा छोटा आणि अतिशय कल्पक गेम यंत्रात आधीच भरलेला असतो आणि कंट्रोलरमध्ये काय काय करता येते हे तोच उत्तम शिकवतो: वाळूतून चालताना हातात वेगळी थरथर, बर्फावर वेगळी, धनुष्य ताणताना बोटाला जाणवणारा विरोध. त्यानंतर आमच्या घरी 'इट टेक्स टू' आला. हा दोघांनी मिळूनच खेळायचा गेम आहे, एकट्याला तो खेळताच येत नाही, आणि म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो. तिसरा 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केलेला हा गेम २०२० मध्ये आला. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे, आणि देवी दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती राजस्थानी वळणाच्या महालांतून लढत जाते. आपल्याच शहरात घडलेले एवढे देखणे काम मुलाने पाहावे अशी माझी फार इच्छा होती. तो आम्ही ऑनलाइन स्टोअरमधूनच घेतला, आणि त्याचे पैसे देताना मला पुरेपूर समाधान वाटले. लहान स्टुडिओंचे काम बहुतेक वेळा असेच मिळते.

वापरलेल्या डिस्क घेताना मागची बाजू उजेडात धरून पाहावी आणि शक्य असेल तर विकणाऱ्याच्याच यंत्रावर एकदा चालवून घ्यावी. आत गेमखेरीज जोडभागांचे संकेतांक असतील तर ते आधीच वापरलेले आहेत असे धरूनच किंमत ठरवावी. वापरलेला कन्सोल घेणार असाल तर मूळ बिल मागावे, यंत्रावरील क्रमांक बिलाशी ताडून पाहावा, समोर बसून खाते उघडून ऑनलाइन स्टोअर उघडते का ते बघावे आणि कंट्रोलरच्या दोन्ही दांड्या सोडून दिल्यावर पडद्यावरील पात्र आपोआप सरकत नाही ना, याची खात्री करावी. नवा कंट्रोलर हजारो रुपयांचा आहे, त्यामुळे ही तपासणी दुर्लक्षिण्यासारखी नाही.

आमच्या सोसायटीत आता चार-पाच घरांत डिस्कचे कन्सोल आहेत आणि आम्ही कोणाकडे कोणता गेम आहे याची यादी करून ठेवली आहे. नियम साधे आहेत: डिस्क महिनाभर ठेवता येते, ओरखडा पडला तर नेणाऱ्याने तिची वापरलेली किंमत द्यायची, आणि १८ चा आकडा असलेल्या डिस्क मुलांच्या हाती द्यायच्या नाहीत. 'ग्रॅन टुरिस्मो ७' सध्या तिसऱ्या मजल्यावर आहे आणि पुढच्या महिन्यात तो आमच्याकडे येणार आहे. कोथरूड-कर्वेनगर भागातील आणखी कोणाला या यादीत यायचे असेल तर त्यांचे स्वागत आहे. क्रिकेटचा गेम आमच्याकडे सुट्टीपर्यंत लागणार आहे, बाकीच्या डिस्क लगेच देता येतील.